पत्रा बेतणारी बाई

लोमानबाईंच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या. दोन-चार नव्हेत, चांगल्या दहा-बारा. त्या ओठांत धरूनच बाई बोलायच्या, हसायच्या आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला झापायच्यासुद्धा. मी जर्मन शिकले ती त्यांच्याकडून, त्यामुळे ही भाषा ओठ न उघडता बोलायची असते अशी पहिले सहा महिने माझी प्रामाणिक समजूत होती. आमचे हे म्हणायचे, "तू बोललीस की दाढ दुखत असल्यासारखं वाटतं."

अठ्ठावन्न साल असेल. ह्यांना जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या टेक्निशे होखशूलेत, म्हणजे तिथल्या तांत्रिक विद्यापीठात, डॉक्टरेटसाठी जागा मिळाली आणि मी पुण्याहून त्यांच्यामागे गेले. सासूबाईंनी सामानाची यादी केली होती, तीत मेतकूट होतं, कुंकू होतं, सहा ब्लाउज होते. शिवणाचं मशीन तेवढं नव्हतं. शिवणाचा डिप्लोमा केलेल्या बाईला मशीनवाचून परदेशी धाडायचं म्हणजे काय, हे सासूबाईंना कळलं नाही, आणि मला नव्या नवरीला बोलता आलं नाही. आम्हाला दोन खोल्या मिळाल्या त्या एका मागच्या अंगणातल्या घरात. वर आम्ही, खाली कसलासा कारखाना. पहिल्याच सकाळी सात वाजता खालून असा ठणठणाट सुरू झाला की दाढी करताना ह्यांचा गाल कापला.

"जा, सांग त्यांना काहीतरी," हे गालाला फडकं लावत म्हणाले.

"अहो, मला भाषा कुठे येते?"

"त्या आवाजात भाषा कुणाला ऐकू जातेय? हातांनी सांग."

मी खाली गेले आणि दारातच थांबले. पंचेचाळिशीची, उंच, रुंद खांद्यांची एक बाई जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. समोर खाकी कागद पसरलेला, गळ्यात मापाची टेप, हातात कात्री, तोंडात टाचण्या. भांडण राहिलं बाजूला, मला आनंदाने रडूच फुटायचं बाकी राहिलं. शिवणारी बाई! मग माझी नजर भिंतीकडे गेली. तिथे कापडाच्या ताग्यांऐवजी जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे उभे होते. कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हातारा गळ्याला मफलर, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसला होता, आणि "ही आता काय करणार" अशा उत्सुकतेने माझ्याकडे बघत होता.

ही बाई म्हणजे आमच्या घरमालकीण फ्राऊ हेडविग लोमान. लग्नाआधी त्या कपडे शिवायच्या. नवरा क्लेम्पनर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा: पन्हळी, धुराडी, नळ, हवा खेळवायचे डक्ट. तो युद्धावर गेला तो परत आला नाही. त्याच्या हत्यारांना गंज चढू नये म्हणून बाई आधी ती पुसायला लागल्या आणि मग चालवायला लागल्या. पण त्या देशात हाताला काम येऊन भागत नाही, भिंतीवर कागद लागतो. माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा दिलेल्या माणसाचा कागद. विधवेला नवऱ्याचं दुकान चालवायची मुभा होती, पण दुकानात एक माइस्टर असलाच पाहिजे. लोमानबाईंच्या दुकानातला माइस्टर म्हणजे तो खुर्चीतला म्हातारा, हेर वेसेल. माझ्या मनात ते पहिल्या दिवसापासून वेसेलआजोबाच झाले. वय चौऱ्याहत्तर, छाती अधू. ते आहेत तोवर दुकान आहे, ते गेले की दाराला कुलूप, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

त्यामुळे लोमानबाई त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपायच्या. सकाळी दहाला सूप, चारला गरम दूध. त्यांची खुर्ची दारापासून लांब, खिडकीपासून लांब, धुराड्याच्या भिंतीला लागून. आजोबा खोकले की हातोडा थांबायचा. बाई मान न वळवता कान टवकारून ऐकायच्या, खोकला कोरडा की ओला याचा अंदाज घ्यायच्या आणि मग पुन्हा हातोडा. आजोबांना हे सगळं चांगलं समजत होतं. कधीकधी ते उगीचच खोकायचे.

"मी मेलो," ते मला एकदा डोळा मिचकावत म्हणाले, "तर ही मला जस्तात बुडवून काढेल आणि खुर्चीत बसवून ठेवेल. वीस वर्षं गंजणार नाही मी."

"तीस," लोमानबाई टाचण्यांतून म्हणाल्या.

त्या दिवसांत शहराच्या कडेला नव्या घरांची वस्ती उठत होती. प्रत्येक खोलीत वेगळी शेगडी ठेवून कोळसे वाहण्याचे दिवस सरत आले होते. बहुतेक लोक गरम पाण्याचे नळ घालून घ्यायचे, पण काही घरांत एक वेगळी सोय होती: तळघरात एक भट्टी, आणि तिने तापवलेली हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत न्यायची. लोमानबाईंनी हे काम धरलं. घराचा नकाशा समोर घेऊन त्या आधी खोल्या मोजायच्या. कोणत्या खोलीला किती भिंती उघड्या, खिडकी कुठल्या बाजूला, छत किती उंच. त्यावरून कोणत्या खोलीला किती हवा आणि ती न्यायला डक्ट केवढा रुंद, हे ठरायचं. भट्टीजवळ मोठा डक्ट निघायचा आणि एकेका खोलीची फांदी फुटली की पुढे तो बारीक व्हायचा.

"हवा आळशी असते," त्या म्हणायच्या. "तिला काटकोनात वळायला सांगितलं की ती रुसून बसते. वळण गोल द्यायचं. तिला कळताच कामा नये की आपण वळलो."

आणि दुसरं त्यांचं वाक्य म्हणजे "एर्स्ट पापिअर, दान ब्लेश." आधी कागद, मग पत्रा. बाकीचे क्लेम्पनर सरळ पत्र्यावर रेघा मारायचे. ह्या बाई प्रत्येक वळणाचा खाकी कागदावर बेत काढायच्या, कापायच्या, टाचण्यांनी जोडून बघायच्या, आणि तो कागदी डक्ट हातात धरून बाहीसारखा उलटसुलट करून पाहायच्या. मग पत्र्याला हात. कडेला सांध्यासाठी माया सोडलेली असायची, अगदी आपण ब्लाउजला सोडतो तशी.

ब्लाउजवरून आठवलं. चौकोनी डक्टला गोल नळ जोडायचा तर मधला तुकडा एका टोकाला चौकोनी आणि दुसऱ्या टोकाला गोल लागतो. त्याचा सपाट बेत काढणं हे भल्याभल्यांना जमत नाही. दोन दिवस बाईंचं घोडं तिथे पेंड खात होतं. तिसऱ्या दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत असताना त्या आल्या आणि दोरीवरच्या माझ्या कटोरी ब्लाउजसमोर उभ्या राहिल्या. सपाट कापडाच्या तुकड्यांतून गोलाई कशी आणली आहे, हे त्यांनी पाच मिनिटं बोटाने चाचपून पाहिलं. मग मला विचारून, खरं म्हणजे विचारल्यासारखं करून, ब्लाउज घेऊन गेल्या. दुपारी हे घरी आले ते तांबडेलाल होऊन.

"अगं, तुझा ब्लाउज खाली कारखान्यात खिळ्याला टांगलाय!"

"माहीत आहे मला."

"तिथे लोक येतात! पोस्टमन उभा होता!"

"मग काय, त्यालाही गोल-चौकोनाचा प्रश्न पडलाय का?"

तो तुकडा बाईंनी चार पाकळ्यांत बेतला आणि तो बसला. ब्लाउज धुऊन, इस्त्री करून परत आला. त्याबरोबर एक निरोपही आला, की रोज दुपारी दोन तास खाली येऊन बसलात तरी चालेल, एक जुनं मशीन आहे. त्या दिवसापासून मला ब्राउनश्वाइग आवडायला लागलं. तळघरातल्या भट्टीला पंखा असतो, त्याची थरथर डक्टमध्ये जाऊन घरभर गुरगुर होऊ नये म्हणून थंड हवा भट्टीकडे परत आणणाऱ्या डक्टला मध्ये जाड शिडाच्या कापडाची एक पट्टी गळ्यासारखी बसवतात. ते गळे मी शिवायचे. त्या गावात अजूनही एखाद्या तळघरात माझी टीप असेल, याचा मला गुप्त अभिमान आहे.

शिवणारणीची सवय मात्र कधी आडवी यायची. एका घराला खोल्यांच्या जाळ्यांखाली बसवायचे आठ खोके हवे होते, सगळे उजव्या हाताला वळणारे. बाईंनी कागद बेतला, आठ पत्रे कापले आणि घड्या घालायला बसल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक डावीकडे. आयुष्यभर बाह्यांच्या जोड्याच कापल्या होत्या ना! संध्याकाळी आठ खोके ओळीत मांडले तेव्हा चार उजवे आणि चार डावे. वेसेलआजोबा इतके हसले की त्यांना खोकला लागला, आणि खोकला लागला म्हणून बाईंना रडायलाही फुरसत झाली नाही. आजोबांनीच मग उपाय सांगितला. ते घर जोडघर होतं, शेजारचं अर्धं घर त्याचंच आरशातलं रूप. डावे चार तिकडे बसतील. शेजाऱ्यांनी अजून काम दिलेलं नव्हतं, पण लोमानबाईंनी चार डावे खोके बगलेत मारून त्यांची घंटा वाजवली आणि काम घेऊनच परत आल्या.

असं सगळं हसतखेळत चालल्यासारखं दिसायचं. पण साठ सालच्या हिवाळ्यात आजोबांचा खोकला उतरेना. डॉक्टर आले, छाती ऐकून गेले, आणि जिन्यात बाईंशी हळू आवाजात बोलले. त्याच आठवड्यात बाईंनी उरलेल्या परीक्षेचा अर्ज घाईने भरून टाकला. कारागिराची पहिली परीक्षा त्यांनी चाळिशीत दिली होती. माइस्टरची लेखी परीक्षा शरदात झाली होती, तिच्यात त्या पास होत्या. राहिलं होतं ते प्रत्यक्ष काम: एका घराच्या गरम हवेची पूर्ण आखणी करायची, डक्ट बनवायचे, बसवायचे, आणि परीक्षकांनी येऊन ते घर तपासायचं. पास झाल्या तर भिंतीवर त्यांचा स्वतःचा कागद. नापास झाल्या तर पुन्हा बसायला बराच काळ जाणार होता, आणि आजोबांकडे किती काळ आहे ते डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं.

घर ठरलं ते बेन्के कुटुंबाचं. मुलगा आणि सून दोघं कारखान्यात जायची. घरी असायची ती मुलाची आई, ऐंशीच्या घरातली, आम्ही तिला बेन्केआजी म्हणू. लोमानबाईंनी डिसेंबर-जानेवारी त्या घरात घालवला. मी इतकं देखणं काम त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. तळघराच्या छताखालून निघालेला मोठा डक्ट पायरीपायरीने बारीक होत गेला होता, वळणं अशी मऊ की हात फिरवावा, सांध्यांवर खळीने चिकटवलेल्या कापडाच्या पट्ट्या एकसारख्या. खोल्यांत खिडक्यांखाली गरम हवेच्या जाळ्या. आणि थंड झालेली हवा परत भट्टीकडे न्यायला बैठकीच्या खोलीत एक मोठी जाळी. लेक सासरी पाठवली तरी माहेरची वाट उघडी ठेवावी लागते, तसंच हवेचं. परतीची वाट नसेल तर पुढची हवाही अडून बसते.

फेब्रुवारीत तपासणीचा दिवस आला. बाहेर बर्फ, उणे नऊ. दोन परीक्षक आले, एक जाड आणि एक बारीक. बारीक माणसाने प्रत्येक खोलीत थर्मामीटर टांगलं आणि घड्याळ लावलं. दोन तासांत सगळ्या खोल्या वीस अंशांवर यायला हव्या होत्या. वेसेलआजोबा ऐकेनात, म्हणून त्यांना दुकानाच्या गाडीतून घोंगड्यांत गुंडाळून आणलं होतं आणि तळघरात भट्टीशेजारी बसवलं होतं. मी गेले ती कापडाच्या गळ्याची टीप उसवलीच तर जागेवर घालायला. आमची मुलगी तेव्हा तीन महिन्यांची. तिला ह्यांच्या ताब्यात देऊन निघाले होते, आणि निघताना ह्यांचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला होता.

तास झाला. खालच्या खोल्या ठीक. वरच्या दोन खोल्यांत पंधरा. सव्वा तास झाला, तरी पंधरा. लोमानबाईंची पाचावर धारण बसली. त्या वर गेल्या, जाळीपुढे हात धरला. हवा येत होती, पण मरतुकडी. खाली आल्या, भट्टी पाहिली, पंखा पाहिला, एकेका फांदीची झडप पाहिली. सगळं उघडं. तोंडातल्या टाचण्या त्यांनी हातात काढल्या तेव्हा मला खरी भीती वाटली.

मी बैठकीच्या खोलीत बेन्केआजींजवळ जाऊन बसले. माझे कान रुमालाने बांधलेले होते. बाळंतिणीच्या कानात वारं जाऊ नये, असं आई पुण्याहून प्रत्येक पत्रात लिहायची आणि मी आज्ञाधारकपणे बांधायची. बेन्केआजी डोक्यावरून शाल घेऊन आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. माझ्या कानांकडे पाहून त्यांचे डोळे लकाकले.

"तुम्हालासुद्धा लागतं ना वारं?" त्या कुजबुजल्या. "एस त्सीट! ह्या घरात सारखा वारा वाहतो. मुलाला सांगून उपयोग नाही, सुनेला तर नाहीच."

जर्मन माणूस बर्फात उघड्या खिडकीशी उभा राहून छाती भरून श्वास घेईल, पण बंद खोलीत पायाला वाऱ्याची झुळूक लागली की त्याला त्यात मरण दिसतं. हे मला माहीत होतं. "मग काय करता तुम्ही?" मी विचारलं.

आजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि खुर्चीमागची पेटी बोटभर सरकवली. पेटीमागे ती परतीची जाळी. तिच्यात पिसांची एक जाडजूड उशी ठासून बसवलेली. "मी बंद करून टाकलंय," त्या विजयाने म्हणाल्या.

मी तळघरात गेले आणि लोमानबाईंना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. वेसेलआजोबा घोंगडीतून मात्र एकदम ताठ झाले.

"देवा, तुझे आभार! चूक नाही तर. हेडविग, उशी काढ. म्हातारीला स्वयंपाकघरात नेऊन कॉफी दे. अर्ध्या तासात वर वीस होतील आणि बारा वाजता तुझ्या हातात कागद."

"हो, माइस्टर," बाई म्हणाल्या आणि जिना चढल्या. मी मागोमाग. त्यांनी बेन्केआजींना हाताला धरून उठवलं, पेटी हलवली, उशी काढली. डक्टने मोठा श्वास ओढल्यासारखा आवाज आला. वरच्या खोल्यांकडे हवा धावली असणार. मला वाटलं, सुटलो! आजींना घेऊन मी स्वयंपाकघराकडे वळलेसुद्धा. पण बाई आमच्यामागे आल्या नाहीत. त्या आजींच्या खुर्चीत बसल्या. पाय आजी ठेवायच्या तसे ठेवले आणि बसून राहिल्या, चांगली दोन-तीन मिनिटं. जाळीकडे ओढली जाणारी थंड हवा त्या खुर्चीच्या पायांतून जात होती.

मग त्या उठल्या, परीक्षकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे काम पुरं झालेलं नाही. परतीची जाळी चुकीच्या जागी आहे. खोल्या मोजल्या मी, पण इथे दिवसभर कोण कुठे बसतं ते विचारलं नाही."

जाड परीक्षक म्हणाला, "पण तापमान आता चढतंय, फ्राऊ लोमान."

"ही आजी परवा पुन्हा उशी कोंबेल. आणि ती बरोबरच करेल."

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. बारीक माणसाने वही मिटली आणि आठ दिवस दिले.

आजोबांना मी त्या एकाच वेळी रागावलेलं पाहिलं. गाडीत बसवताना ते बाईंचा हात झिडकारून ओरडले, "माझ्याकडे आठ दिवस आहेत असं तुला कुणी सांगितलं?" बाईंनी घोंगडी त्यांच्या पायांखाली नीट खोचली आणि गाडी चालू केली.

दुसऱ्या दिवशी आजोबांना ताप भरला. तो आठवडाभर बाई सकाळी बेन्क्यांच्या घरी, दुपारी आजोबांच्या खोलीवर सूप घेऊन, पुन्हा बेन्क्यांकडे. बैठकीतली जाळी बंद करून त्यांनी परतीची वाट जिन्याखालून काढली, एकाऐवजी दोन रुंद तोंडं दिली, म्हणजे हवा सावकाश जाईल, आणि बंद खोलीतली हवाही दाराखालून निघावी म्हणून दारांच्या खालच्या कडा बोटभर तासून घेतल्या. मी दोन नवे गळे शिवून दिले. एका संध्याकाळी आम्ही बेकरीत पाव घेत होतो, तेव्हा पाठीमागून बेकरीवाली कुणाला तरी म्हणाली, "कागद मिळेपर्यंत म्हाताऱ्याला जगवायचंय, म्हणून ही सगळी सेवा."

लोमानबाईंनी ते ऐकलं. पाव घेतला, पैसे दिले. अंगणाच्या फाटकाशी आल्या. मग थांबल्या.

"फ्राऊ पेंडसे, तिच्या अंगावर धावून जावंसं वाटलं मला. पण ती खोटं बोलते का, ते मला माहीत नाही. तो खोकला की मी दचकते. ते त्याच्यासाठी की दुकानासाठी, खरंच मला सांगता येत नाही."

 मी त्यांच्या हातातला पाव घेतला आणि आम्ही आत गेलो.

आठव्या दिवशी परीक्षक आले. तेच थर्मामीटर, तेच घड्याळ. बेन्केआजींना कुणी उठवलं नाही. त्या आपल्या खुर्चीत शाल घेऊन बसल्या होत्या आणि सगळ्यांकडे संशयाने पाहत होत्या. तासाभराने त्यांनी शाल डोक्यावरून खांद्यावर घेतली. आणखी थोड्या वेळाने ती मांडीवर आली. पावणेदोन तास झाले तेव्हा वरच्या खोल्यांत एकवीस होतं, आणि आजी खुर्चीत मान टाकून घोरत होत्या. बारीक परीक्षक थर्मामीटर वाचायला त्या खोलीत गेला, घोरणं ऐकून चवड्यांवर बाहेर आला आणि कुजबुजला, "अभिनंदन, फ्राऊ माइस्टरिन." माझा जीव भांड्यात पडला. मी इतक्या जोरात "अगं बाई!" म्हटलं की आजी जाग्या झाल्या.

आम्ही तडक आजोबांच्या खोलीवर गेलो. त्यांचा ताप आदल्या दिवशी उतरला होता. बातमी ऐकून त्यांनी छताकडे पाहिलं, मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "चला. आता मला मरायला मोकळीक."

"सूप संपवा आधी," लोमानबाई म्हणाल्या.

आजोबा मेले नाहीत. माणसं कागदाच्या सोयीने मरत नाहीत. पुढचे दोन हिवाळे त्यांनी छान काढले. आता बाईंची स्वतःची पाटी होती, त्यावर नाव होतं, आजोबांची गरज कुणालाच नव्हती, आणि तरी दहाचं सूप आणि चारचं दूध चुकत नव्हतं. नव्या घराच्या कामाला जाताना त्या आता टेप काढायच्या आधी घरातल्या माणसांना एकेका खुर्चीत बसवून घ्यायच्या. माणसं संकोचाने बसायची. एका घरात तर त्यांनी कुत्र्यालाही त्याच्या जागेवर बसवून घेतलं होतं.

त्रेसष्टच्या मार्चमध्ये वेसेलआजोबा झोपेत गेले. ह्यांचं काम पुरं झालं होतं, आमची परतीची बोट ठरली होती. सामान अर्धं बांधलेलं होतं, ते तसंच टाकून आम्ही दफनाला गेलो. माणसं फार नव्हती. जाड परीक्षकही आला होता. सगळे हळूहळू पांगले, हे मुलीला घेऊन फाटकाशी थांबले, आणि मी मागे वळून पाहिलं तर लोमानबाई एकट्याच खड्ड्याशी उभ्या होत्या. खांदे हलत होते. मी जाऊन त्यांचा दंड धरला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आणि हे रडणं साधंसुधं नव्हतं, नाक-डोळे एक करून, लहान मुलासारखं मोठ्याने चाललं होतं.  काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "दुकान आहे ना, फ्राऊ लोमान. आता दुकानाची काळजी नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड ओलंचिंब, नाक लाल, आणि चेहऱ्यावर एखादी चांगली बातमी सांगायची असल्यासारखा भाव.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "दुकान उघडं आहे. उद्या सकाळी दोन घरांचं काम आहे. कशाचीच काळजी नाही. आणि बघा ना, फ्राऊ पेंडसे, तरी रडू येतंय!"

एवढं बोलून त्या पुन्हा मोकळ्या गळ्याने रडायला लागल्या. मी त्यांना थांबवलं नाही.